बेचाळीस घरांनी पाळलेलं गुपित

"या कानाचं त्या कानाला कळणार नाय, आणि माझा पोऱ्या विमानात बसलेला असेल," असं पुतळाबाईंनी जाहीर केलं. जाहीर केलं ते कोळीवाड्याच्या गल्लीच्या तोंडाशी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, आणि अशा आवाजात की मार्व्याच्या जेट्टीवर रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी माना वळवल्या. गुपित ठेवायची ही त्यांची पद्धत.

पोऱ्या म्हणजे कृणाल. वय चौतीस. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काशीरामचं वर्कशॉप आहे, तिथे तो बारा वर्षं बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतोय. नुसता आवाज ऐकून इंजिनात काय बिघडलंय ते सांगतो. इंजिन बिघडलेलं नसेल तर मालकाच्या डोक्यात काय बिघडलंय तेही सांगतो, आणि जरा मोठ्याने सांगतो. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर कायम वस्तीला. पण हात असा की परदेशातल्या एका बंदरातल्या बोटयार्डाने व्हिडिओवर त्याला एक बंद पडलेलं इंजिन चालू करताना पाहिलं आणि तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. देश कोणता ते मी सांगणार नाही. पुतळाबाईंनी देशाचं नाव घ्यायला बंदी घातली होती, आणि मला अजून त्यांच्याकडूनच मासळी घ्यायची आहे.

आता तुम्हाला वाटेल, बोलावलं म्हणजे माणूस गेला. कसला जातोय. या लोकांना माणूस हवा असतो, माणसावर विश्वास मात्र ठेवायचा नसतो. कृणालने इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. पहिल्या वेळी 'तुमच्या आवडत्या सुट्टीविषयी दोन मिनिटं बोला' असा प्रश्न आला. त्याने खरं ते सांगितलं की सुट्टी मिळत नाही, आणि आठ सेकंदांत विषय संपला. मग छातीचा एक्स-रे, पोलिसांचा दाखला, आयटीआयचं सर्टिफिकेट, आणि ते सर्टिफिकेट खरं असल्याचं सर्टिफिकेट.

"उद्या म्हणतील, तू जन्मलास त्याचा साक्षीदार आण," तो बायकोला, नमिताला, म्हणाला.

"आई आहेत ना," नमिता म्हणाली.

दोघंही हसले. हसायला नको होतं.

शेवटची एकच पायरी उरली होती. बोटयार्डाने अंधेरीतल्या एका कंपनीला काम दिलं होतं: हा माणूस खरंच आहे का, सांगतो तिथे राहतो का, सांगतो ते काम करतो का, याची चौकशी करा आणि रिपोर्ट पाठवा. रिपोर्ट ठीक गेला तर दोन वर्षांचा व्हिसा आणि एक ऑक्टोबरला कामावर हजर. नाही गेला तर बारा वर्षांचा घाम, दोन परीक्षा आणि एक्स-रे, सगळं खाडीत.

आणि नेमकं याच वेळी पुतळाबाईंनी दृष्टीचं मनावर घेतलं. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वनमालाच्या भाच्याला आखातात नोकरी लागली. गल्लीत बॅनर लागला, मटण झालं, डीजे झाला आणि चौथ्या दिवशी व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं. बॅनर मात्र मजबूत होता. वनमाला अजून त्याच्याखाली सुके बोंबील झाकून ठेवते.

"तेव्हा लोकांची नजर लागली," पुतळाबाई म्हणाल्या. "माझ्या पोऱ्याला लागू देणार नाय."

मग त्या बेचाळीस घरं फिरल्या. प्रत्येक घरात बसून, चहा घेऊन, कृणालला कुठे नोकरी लागली, काय लागली, कधी जायचंय हे सगळं इत्थंभूत सांगितलं आणि शेवटी एकवीरा आईची शपथ घातली: कोणी परका विचारायला आला तर कृणाल कोण ते आपल्याला माहीत नाही. तोंडाला कुलूप. चारकोपला जाऊन त्यांनी काशीरामलाही शपथ घातली. कृणालला यातलं काही सांगितलं नाही, कारण त्याला सांगितलं असतं तर तो ओरडला असता.

मंगळवारी दुपारी कृणाल कोपरापर्यंत एका इंजिनात घुसला होता. काशीरामचा फोन वाजला.

"हां, काशीराम बोलतोय. कोण? कृणाल?" काशीरामने कृणालकडे बघून डोळा मारला. "नाही हो. असा कोणी माणूस आपल्याकडे नाही."

कृणालला वाटलं, म्हातारा एखाद्या कटकट्या गिऱ्हाइकाला टोलवतोय. तो बोल्ट काढत राहिला.

"बारा वर्षं? छे. बारा दिवसही नाही. डिझेल इंजिन? इथे कोणाला त्यातलं काही कळत नाही." काशीराम थोडा थांबला. "मग काय करतो म्हणजे? बसतो. चहा पितो."

फोन ठेवून काशीराम लढाई जिंकल्यासारखा आला. "तुझी चौकशी करत होता रे कोणीतरी. अंधेरीहून. व्हेरिफिकेशन का काहीतरी म्हणाला. पण मी ताकास तूर लागू दिली नाही."

कृणालचं डोकं इंजिनाच्या झाकणावर आपटलं. त्यानंतर तो जे बोलला त्यातलं छापण्यासारखं एवढंच: "काका, बारा वर्षं मी इथे हाडं झिजवली आणि तुम्ही मला चहा पिणारा केलंत?"

"तुला कुठे म्हटलं? तू तर इथे नाहीसच," काशीराम म्हणाला. "तुझ्या आईने शपथ घातलीये बाबा. आणि रविवारचं पापलेट तिच्याकडूनच येतं."

कृणालने त्या नंबरवर फोन लावला. एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की मालकांनी ओळख नाकारल्याची नोंद झालेली आहे, आता आमचे प्रतिनिधी प्रत्यक्ष पत्त्यावर भेट देतील.

"कधी?"

"निघालेत, सर."

कृणालने हातसुद्धा पुसले नाहीत. चारकोपवरून मार्व्यापर्यंत बाइक अशी हाणली की मालवणीच्या सिग्नलवर एका रिक्षावाल्याने त्याला शिवी दिली आणि कृणालने थांबून ती परत केली. तेवढी दोन मिनिटं त्याने वाचवली असती तर बरं झालं असतं, पण ते त्याच्या स्वभावात नाही.

गल्लीत पोचला तेव्हा घराच्या दारात एक पस्तिशीचा माणूस उभा होता. पाठीवर बॅग, गळ्यात ओळखपत्र, घामाने निथळलेला. नाव नितेश. समोर पुतळाबाई, बाजूला वनमाला, आणि मागे दहा-बारा जणांचं कोंडाळं. सगळ्यांचे चेहरे मौनव्रत घेतल्यासारखे.

"मावशी, पत्ता तर हाच आहे," नितेश म्हणत होता. "कृणाल इथेच राहतो ना?"

"या नावाचा माणूस अख्ख्या कोळीवाड्यात नाही," वनमालाने सांगितलं.

"बरं, तुम्ही पुतळाबाई ना? त्याच्या आई?"

पुतळाबाईंनी पदर खोचला. "मना पोरगाच नाय," त्या म्हणाल्या.

हे कृणालने स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाइक तशीच सोडून तो पुढे धावला. "आये!"

नितेशने वळून पाहिलं. ग्रीसने काळे झालेले हात, लाल डोळे, कपाळावर टेंगूळ. "हे कोण?"

"पाण्याची मोटर बघायला आलाय," पुतळाबाईंनी पापणी न लववता सांगितलं.

"अहो, मीच कृणाल! या घरात राहतो मी. ही माझी आई आहे."

"याचं मनावर घेऊ नका," वनमाला नितेशला हळूच म्हणाली. "उन्हात काम करून करून होतं याला असं."

कृणालने खिसे चाचपले. पाकीट वर्कशॉपमध्ये राहिलं होतं. आधार कार्ड घरातल्या कपाटात आणि कपाटाची किल्ली पुतळाबाईंच्या कमरेला. "आये, किल्ली दे."

"कसली किल्ली? बघा, आता चोरीवर आला," पुतळाबाई म्हणाल्या आणि पोराला धीर द्यावा म्हणून त्यांनी डोळा मिचकावला. त्यांना वाटत होतं, पोऱ्या नाटकात झकास साथ देतोय.

नितेशने मोबाइलवर दाराचा फोटो काढला, कागदावर काहीतरी लिहिलं, "ठीक आहे" म्हणाला आणि निघाला. जाताना त्याला हसू आवरत नव्हतं. पण कृणाल त्या वेळी आपल्या आईकडे बघत होता.

पुढचे दोन दिवस गल्लीत कृणालशिवाय कोणाचा आवाज ऐकू आला नाही. तो घरात ओरडला, ओट्यावर ओरडला, वनमालाच्या दारात जाऊन बोंबलांवर ओरडला.

"तू मला नाकारलंस, आये. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर. मला मोटरवाला केलंस."

"मोटरवाला म्हटलं. चोर नाय म्हटलं."

"चोर पण म्हटलंस!"

"ते नंतर," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांना आता खरंच रडू येत होतं. "तुला नजर लागू नये म्हणून केलं रे सगळं."

"नजर लागायला मी असायला तर हवा ना! त्या कागदावर आता मी नाहीच. राहत नाही, काम करत नाही, आईला पोरगा नाही. कोणाला व्हिसा देतील ते?"

नमिता शांत डोक्याची. ती म्हणाली, "कृणाल, त्या माणसाला एक फोन करून विचार तरी, त्याने काय लिहिलं."

"काय विचारायचं? त्याने जे ऐकलं तेच लिहिलं असणार. मी काय बहिरा होतो?"

"तरी पण..."

"फोन नाही करायचा म्हटलं ना!"

नमिता भाकऱ्या थापायला गेली. बारा वर्षांत काशीराम आणि सहा वर्षांत नमिता एक गोष्ट शिकले होते, की हे इंजिन तापलं की झाकणाला हात लावायचा नाही.

शुक्रवारी मेसेज आला: उद्या सकाळी अकरा वाजता प्रतिनिधी पुन्हा भेट देतील. कृणालला वाटलं, देवाने दुसरी संधी दिली. त्याने संध्याकाळी देवळासमोर अख्खी गल्ली गोळा केली, काशीरामलाही बोलावून घेतलं आणि ओट्यावर चढून सांगितलं, "उद्या कोणी एक अक्षर खोटं बोलायचं नाही. तो विचारेल ते सांगायचं. नाही विचारलं तरी सांगायचं. सगळं. काही म्हणजे काही लपवायचं नाही."

"पण शपथ घातलीये ना पुतळाबाईने?" कोणीतरी मागून म्हणालं.

मग पुतळाबाईंनी नारळ फोडून जुनी शपथ सोडवली आणि कृणालने नवी घातली. खरं बोलायची. खोबरं वाटलं. सगळी गल्ली समाधानाने घरी गेली, कारण चार दिवस तोंड बंद ठेवून लोकांची पोटं फुगली होती.

शनिवारी नितेश आला तर गल्लीत खुर्च्या मांडलेल्या. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. काशीराम वर्कशॉप बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

"नमस्कार," नितेश म्हणाला. "मला फक्त दाराचा..."

"बसा आधी," वनमालाने त्याला खुर्चीत दाबलं. "कृणाल याच घरात जन्मला. माझ्या सासूने नाळ कापली त्याची."

"हो, पण मावशी, मला फक्त..."

"बारा वर्षं माझ्याकडे आहे," काशीराम उठला. "मंगळवारी मी खोटं बोललो. याच्यासारखा मेकॅनिक वसईपासून कुलाब्यापर्यंत नाही. मी पण नाही." मग त्याने कृणालकडे पाहिलं. "सगळंच सांगू ना?"

"सगळं," कृणाल म्हणाला. त्याची छाती अभिमानाने भरून आली होती.

"हात सोन्याचे, तोंड गटाराचं. एका गिऱ्हाइकाने घाई केली म्हणून याने त्याचा पंप खाडीत फेकला होता. मग स्वतःच उडी मारून काढला. ते पण लिहा."

नितेशने निमूटपणे पेन काढलं. समोर एवढी माणसं पोटतिडकीने सांगत असताना न लिहिणं बरं दिसलं नसतं. मागे चार-पाच मोबाइल वर झाले होते, शूटिंग चालू होतं. शाळेत कृणालने कोणाला बदडलं, लग्नात कोणाशी भांडला, वादळात तिघांना बोटीतून कसं ओढून आणलं, सगळं निघालं. कृणालला काही ठिकाणी घाम फुटला, पण एकंदरीत तो खूश होता. आता कोणी म्हणू शकत नव्हतं की हा माणूस नाही.

"आणि गेला की तो काय परत येत नाही," वनमाला म्हणाली.

नितेशचं पेन थांबलं.

"खरं तेच सांगते," वनमालाला आता कोणी थांबवू शकत नव्हतं. "वर्षभरात नमिताला आणि त्यांच्या पोरीला नेणार. तिकडची शाळा पण बघून ठेवलीये. वरच्या खोलीला भाडोत्री ठरलाय. पुतळाबाईनेच सांगितलं मला."

"पण अर्जात तर लिहिलंय की दोन वर्षांनी काम संपलं की परत येणार," नितेश सावकाश म्हणाला. "सही आहे त्यांची."

नमिताने डोळे मिटून घेतले. कृणाल आईकडे बघून मान हलवू लागला, हातवारे करू लागला, कोपऱ्यातून ओठांनी 'येणार म्हण, येणार म्हण' करू लागला.

"मावशी, तुम्ही सांगा," नितेश म्हणाला. "परत येणार ना?"

पुतळाबाईंनी पोराचे हातवारे नीट पाहिले. त्यांना ते सगळे कळले. मंगळवारी त्या पोरासाठी तोंड भरून खोटं बोलल्या होत्या आणि दोन दिवस त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता देवीसमोर नारळ फुटला होता.

"नाय येणार," त्या म्हणाल्या. "जाणारा येत नाय. मना ठाव हाय." आणि पदर डोळ्यांना लावून ढसाढसा रडल्या. वनमालाही रडली. काशीरामने नाक पुसलं.

नितेशने लिहिलं. मग उठून, दारापाशी जाऊन, घराच्या नंबराचा फोटो काढला. नीट आला का ते दोनदा पाहिलं आणि कृणालला बाजूला घेतलं.

"साहेब, मंगळवारीच मी सगळं ओके लिहिलं होतं."

"काय?"

"मी जोगेश्वरीच्या चाळीत वाढलोय. अख्खी गल्ली एका सुरात 'ओळखत नाही' म्हणाली की तो माणूस तिथेच राहतो, हे आम्हाला कळतं. दारावर तुमच्या नावाची पाटी होती. वर्कशॉपच्या भिंतीवर तुमचा आयटीआयचा फोटो होता, त्याच दिवशी सकाळी आमचा माणूस गिऱ्हाईक बनून बघून आला होता. फक्त दाराचा फोटो हलला होता, घराचा नंबर दिसत नव्हता. तेवढ्यासाठी आलो होतो. आल्यापासून तेच सांगत होतो."

कृणालने त्याचा हात धरला. "मग आजचं लिहू नका ना, भाऊ."

"एवढ्या लोकांसमोर बोलल्या त्या. शूटिंग झालंय." नितेशने मागे बोट दाखवलं, तर व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर पोचलासुद्धा होता. "मी गाळलं आणि उद्या कोणी दाखवलं तर माझी नोकरी जाईल. मला पण घर आहे."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदार मुदत संपल्यावर मायदेशी परत येईल याची खात्री पटत नाही, सबब अर्ज नामंजूर. बोटयार्डाच्या मालकाने वेगळं लिहिलं होतं, फार सभ्यपणे: या हंगामासाठी दुसरा माणूस घेतला आहे, पुढच्या हंगामात जरूर प्रयत्न करावा.

कृणालने दोन्ही पत्रं जमिनीवर आपटली. इतका वेळ साचलेला राग वर आला. व्हिसावाले, अंधेरीवाले, वनमाला, काशीराम, सगळ्यांचा एकदम आला आणि शेवटी चुलीपाशी बसलेल्या आईवर येऊन थांबला.

"तुझ्यामुळे झालं, आये. तुझ्या एका वाक्यामुळे."

पुतळाबाई सुरमई कापत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "मी खोटं बोलले का?" त्यांनी विचारलं. भांडायला नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. "तू सांग. तू परत येणार होतास?"

अर्जात याच प्रश्नापुढे कृणालने 'हो'वर खूण केली होती आणि खाली सही ठोकली होती. इंग्रजीच्या परीक्षेतही त्याला याचं उत्तर आलं असतं. नमिता दारात होती, तीही बघत होती. वर भाडोत्र्यासाठी रिकामी केलेली खोली होती. त्याने जमिनीवरची दोन्ही पत्रं उचलली.

"जेवायला काय आहे?" तो म्हणाला.